वडाळ्याचे घर आणि सातासमुद्रापलीकडची रजा

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना इमामपूरचा घाट उतरला, पांढरीचा पूल मागे पडला की काही वेळात घोडेगाव लागते. नेवासे तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारामुळे, कांद्याच्या लिलावांमुळे आणि शनिशिंगणापूरला फुटणाऱ्या रस्त्यामुळे. शनिभक्तांच्या गाड्या इथे वळतात, मालट्रक सरळ निघून जातात आणि सरळ जाणाऱ्यांना थोड्याच अंतरावर वडाळा बहिरोबा लागते. पंचक्रोशीत या गावाची दुसरी ओळख ‘वडाळा मिशन’ अशी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल बेकन फेअरबँक १८५०च्या दशकाच्या अखेरीस पत्नी मेरीसह इथे राहायला आले आणि त्यांच्यामागे त्यांचा मुलगा एडवर्ड याच गावी काम करत राहिला. एका अमेरिकन घराण्याच्या दोन पिढ्यांचे संसार घोडेगावच्या शेजारी झाले, ही गोष्ट नगर जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला माहीत नाही. जिल्ह्यातही ती माहीत असते ती बहुधा एखाद्या जुन्या इमारतीपुरती.

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन प्रकारे बोलले जाते. एका बाजूला त्याग, सेवा, शाळा, दवाखाने. दुसऱ्या बाजूला धर्मांतर, गोऱ्या सत्तेची सावली, भाकरीचे आमिष. दोन्ही बाजू आपापले पुरावे घेऊन शतकभर भांडत आहेत आणि दोघींचेही पुरावे पुष्कळसे खरे आहेत. तरी दोघींच्याही डोळ्यांपुढे उभा असतो तो एकटा पुरुष, काळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला. त्याची बायको कुठे होती, मुले कुठे शिकली, म्हाताऱ्या आईला तो पुन्हा कधी भेटला, पंचवीस वर्षांनी रजा मिळाली तेव्हा तो कुठे गेला आणि परत का आला, हे कुणी फारसे विचारत नाही. या मंडळींच्या कामाचा कस खरा तिथेच लागतो, असे मला वाटते. परमुलखात चाकरी करणाऱ्या जोडप्याने किती वर्षे काढली याला महत्त्व आहेच. पण त्यांच्या ‘घरी जाण्या’ची दिशा कधी उलटली, उलटली की नाही, यावर त्यांच्या हातून इथे काय उरले हे अधिक ठरत गेले. ज्यांना अमेरिकेत पाहुण्यासारखे वाटू लागले त्यांनी नगरला काहीतरी दिले. ज्यांचे घर शेवटपर्यंत बोस्टनलाच राहिले त्यांचे हुकूम इथे बरेचदा चुकले.

आधी अंतराचा हिशेब पाहू. या मिशनचे पहिले प्रचारक गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला पोचले, मिशनचे नगरचे ठाणे १८३१ साली उभे राहिले. त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मुंबईला यायचे म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजातून चार-पाच महिने. पत्रालाही तेवढाच वेळ. आईच्या आजारपणाची बातमी मेमध्ये निघाली तर ती नगरला दसऱ्याच्या सुमारास पोचायची, आणि ‘आता कशी आहे?’ हा प्रश्न तिकडे पोचेपर्यंत पुढचा होळीचा सण आलेला असायचा. पुढे सुएझमार्गे आगबोटींची टपाल सुरू झाली, १८६९ साली कालवा खुला झाला आणि हे अंतर आठवड्यांवर आले. पण पहिल्या पिढीचा करार मुळात जन्मभराचा होता. ठरावीक वर्षांनी हक्काची रजा ही सोय नंतरची. सुरुवातीला मायदेशी जायचे तर प्रकृतीचे कारण लागे आणि मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाची परवानगी. ज्याला धडधाकट असताना आईबापांना भेटायला जायची मुभा नाही, त्याने आजारी पडून भेटायला जायचे, असा तो विचित्र नियम होता.

आजारी माणसाला चार महिन्यांच्या समुद्रप्रवासाला घालायचे, तेव्हा त्याचा निकाल काय लागणार हे सांगायला नको. मुंबईच्या मिशनमधले रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ साली पत्नी हॅना आणि मुलांसह मायदेशी निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले. त्यांच्या मुलांत मुंबईत जन्मलेला, सात वर्षांचा रॉबर्ट ॲलन होता. नगरच्या मिशनमध्ये तीस वर्षे काढलेले, १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू करणारे हेन्री बॅलंटाइन १८६५ साली परतीच्या वाटेवर असेच समुद्रात गेले. दोघांनाही ना नगरची माती मिळाली ना न्यू इंग्लंडची. त्यांच्या बायका मुले घेऊन ज्या किनाऱ्याला लागल्या तो कागदोपत्री त्यांचा स्वतःचा देश होता. मुलांना मात्र तो परका होता. मराठी आया-बायांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या पोरांना तिथला बर्फ नवा, शाळा नवी, नातेवाईक नुसते नावाने ठाऊक. ज्यांचे आईबाप जिवंत होते त्या मुलांचेही वेगळे नव्हते. आठ-दहा वर्षांची झाली की मुलाला शिक्षणासाठी अमेरिकेत ठेवायचे आणि आईबापांनी परत यायचे, ही रीत होती. अशा मुलांची संख्या इतकी होती की मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नडेलला एलायझा वॉकर नावाच्या मिशनरी विधवेने १८६८ साली त्यांच्यासाठी वसतिगृहच काढले. तुर्कस्तान, भारत, चीन अशा देशांत जन्मलेली, आईबाप हयात असून पोरकी अशी मुले तिथे एकत्र वाढत. मिशनच्या अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे दरवर्षी छापले जात. या ताटातुटीचा रकाना त्या अहवालांत नव्हता, पण सगळा खर्च शेवटी तिथेच पडत होता.

आता वडाळ्याचे फेअरबँक पाहू, कारण घरी जाण्याची दिशा उलटते कशी ते त्यांच्यात चांगले दिसते. कनेक्टिकटमध्ये १८२२ साली जन्म, इलिनॉय कॉलेज आणि अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात शिक्षण, १८४६ साली पहिली पत्नी ॲबी हिच्यासह भारतात. ॲबी १८५२ साली वारली. चार वर्षांनी त्यांनी दुसरे लग्न केले ते हेन्री बॅलंटाइन यांच्या मुलीशी, मेरीशी. हे लग्न नीट पाहण्यासारखे आहे. ॲबी अमेरिकेतून निघून परक्या मुलखात आलेली सून होती. मेरीचा बाप नगरचा मिशनरी, तिचे बालपण या मुलखातले. तिच्यासाठी वडाळ्याचा संसार म्हणजे माहेरच्या गावाजवळ सासर मिळण्यासारखे. या एका लग्नाने फेअरबँक यांचे सोयरेही नगरचेच झाले. त्यानंतर ते ज्या तऱ्हेने या मुलखात रुळले ती प्रचारकाच्या वेळापत्रकात बसणारी नव्हती. ते पक्षी जमवत, शंखशिंपले आणि गोगलगायी गोळा करत, वनस्पतींची कुळे लावत. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या आसपास पाहिलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात आली. उन्हाळ्यात थंड हवेला जायचे तर अमेरिका परवडत नाही, म्हणून दक्षिणेतले मिशनरी पळणीच्या डोंगरात कोडाईकनाल इथे जमत, फेअरबँकही जात. तिथल्या झुडपांत एक लहानसा पक्षी दिसतो: पाठ तपकिरी, छाती राखाडी, पोट तांबूस, डोळ्यावर पांढरी भुवई. फेअरबँक यांनी मिळवलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘फेअरबँकी’ हे नाव दिले. आजही पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत ते नाव टिकून आहे. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या याद्या आता कोण काढून बघतो?

या पक्ष्याचा उल्लेख नुसता गमतीसाठी केलेला नाही. माणूस परमुलखात पाहुणा असतो तेव्हा त्याला तिथली माणसे दिसतात, फार तर देवळे आणि बाजार दिसतात. गोगलगायी दिसायला लागायला तिथे राहावे लागते, आणि उद्या-परवा निघायचे नाही याची खात्री मनात असावी लागते. मेरी १८७८ साली गेली. फेअरबँक पुढे वीस वर्षे जगले आणि १८९८ साली कोडाईकनालला वारले. म्हातारपणी गाठायचे घर म्हणून ते अमेरिकेला गेले नाहीत. मुलांचेही तसेच: हेन्री आणि एडवर्ड दोघे याच मिशनमध्ये आले, मुलगी केटी नगरला काम करत होती, आणि हेन्रीची मुलगी रोझ डॉक्टर होऊन नवरा लेस्टर बील्स यांच्याबरोबर वाईच्या मिशन दवाखान्यात आली. शिक्षणासाठी लहानपणी तिकडे धाडलेली मुले मोठेपणी इकडे परत येत होती. पुढच्या पिढीच्या दृष्टीने तिकडे जाणे ही शिक्षणाची मुदत आणि इकडे येणे हे घरी येणे, असा उलटा प्रकार झाला होता.

यावर कुणी म्हणेल, यात एवढे काय, हा घराणेशाहीचा धंदा होता; बापाची जागा मुलाला, काकाची पुतणीला. हा आक्षेप अगदीच उडवून लावता येणार नाही. ओळखीपाळखीने जागा मिळत होत्या. पण जागा मिळत होत्या म्हणून सगळे आले असे मात्र नाही. नगरलाच १८७६ साली जन्मलेले एडवर्ड हिक्स ह्यूम डॉक्टर झाल्यावर चीनमधल्या चांगशाला गेले आणि येल विद्यापीठाच्या नावाने तिथे रुग्णालय उभे करण्यात आयुष्याची बरीच वर्षे घातली. त्यांचे चुलतभाऊ रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम हेही नगरला जन्मलेले, १८७७ सालचे. ते काही वर्षे नगरला काम करून न्यूयॉर्कला प्राध्यापकी करायला गेले आणि १९२१ साली त्यांनी तेरा मुख्य उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डतर्फे प्रसिद्ध केले. ते अजून वापरात आहे. म्हणजे दारे सगळीकडची उघडी होती. इथे परत येणे हा पर्याय त्यांतलाच एक होता, आणि तो इतक्या जणांनी, विशेषतः इतक्या जणींनी, निवडावा हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जणींनी, हे मुद्दाम म्हटले. मंडळाच्या जुन्या याद्यांत बायकोची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होई. पगार नवऱ्याच्या नावे, तोही विवाहितांचा म्हणून थोडा जास्त, आणि मुलांमागे भत्ता. त्या पगारात दोघांचे काम धरलेले असे. मुलींची शाळा, शिवण, बायकांच्या घरी जाऊन बसणे, दुष्काळात पोरक्या झालेल्या पोरांना दूध पाजणे, हे सारे साहाय्यक या सदरात. साहेब दौऱ्यावर तंबू ठोकून राहायचे तेव्हा मागे अख्खे ठाणे मडमबाईंवर असायचे. पहिल्या पिढीतल्या या बायकांची नावे शोधून काढावी लागतात. त्यांच्या मुलींची मात्र स्वतंत्र नावे झाली. नगरच्या मिशनमधल्या बिसेल घराण्यातल्या ज्युलिया डॉक्टर होऊन परतल्या आणि नगरमधल्या बायकांच्या दवाखान्याचे काम त्यांनी सुरू केले. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या कन्या डॉ. रूथ ह्यूम यांनी तेच काम पुढे नेले. आईने बिनपगारी केलेले काम मुलीने डॉक्टरकीच्या जोरावर, स्वतःच्या नावाने केले. अमेरिकेत शिकून इथे परतण्यामागे या मुलींचा एक व्यवहारी हिशेबही असणार. त्या काळच्या अमेरिकेत स्त्री-डॉक्टरला पुरुष रुग्ण सहज मिळत नव्हते, आणि नगरात तर पुरुष डॉक्टरपुढे जायला बायकाच तयार नव्हत्या. श्रद्धा होतीच, पण त्यांच्या पेशाला अडवणारी भिंतही तिकडे होती.

दिशा उलटली की नाही हे सगळ्यात लख्ख कळते ते रजेवर. रॉबर्ट ॲलन ह्यूम येलला आणि अँडोव्हरला शिकून १८७४ साली भारतात परतले, नगरला स्थिरावले, १८७८ साली तिथे धर्मशिक्षणाची शाळा काढली. पत्नी ॲबी बर्जेस १८८१ साली वारली. ते रजेवर अमेरिकेत होते तेव्हा, १८८६ साली अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या सभेत त्यांनी जे बोलून दाखवले त्याने धर्मपंडितांत वादळ उठले. वाद असा: ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी संधी मिळेल का? ह्यूम यांचा कल ‘मिळू शकेल’ असे मानण्याकडे होता. मंडळातल्या कर्मठांनी विचारले, असे असेल तर मिशनरी पाठवायचे कशाला? प्रश्न तर्काला धरून होता, पण तो बोस्टनच्या खोलीत बसून विचारता येण्याजोगा होता. नगर-नेवाशाच्या गावांत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसापुढे बाप्तिस्मा घेतलेला शेतमजूर उभा राहून ‘माझ्या मेलेल्या आजाचे काय?’ असे विचारतो, तेव्हा ‘तो नरकात’ हे उत्तर तोंडातून निघत नाही. ह्यूम यांनी तो विचार नेमका कोणत्या प्रसंगातून उचलला हे मी ठरवू पाहत नाही. पण नगरचा अनुभव नसता तर मुंबईत जन्मलेल्या या माणसाने आपली नोकरी पणाला लावणारे बोलणे तिथे जाऊन केले नसते, असे मला वाटते. मंडळाने त्यांना परत पाठवणे रोखून धरले. वर्षभराच्या वादानंतर १८८७ साली त्यांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी केटी फेअरबँकशी लग्न केले. घरच्या मंडळींना भेटायला गेलेला माणूस घरच्यांनाच परका वाटला आणि नगरची सोयरीक करून नगरला परतला.

याच्या उलटचे उदाहरण तीस वर्षे आधीचे. मंडळाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये शिष्टमंडळ घेऊन भारतात आले, नगरलाही आले. स्थानिक मंडळींच्या हाती सूत्रे द्यावीत हे त्यांचे मुख्य धोरण चांगले होते, आणि त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण इंग्रजी शिक्षणावर खर्च नको, सुवार्ता मातृभाषेतून सांगा, हा त्यांचा आग्रह मिशनच्या इंग्रजी शाळांच्या मुळावर आला. काही आठवड्यांच्या मुक्कामात ठरवलेले हे धोरण पुढच्या पिढीने गुपचूप बाजूला सारले, कारण महार आणि मातंग समाजातून आलेल्या मुलांना, ज्यांना इतर शाळांची दारे बंद होती, इंग्रजी हवी होती आणि ती का हवी हे इथे राहणाऱ्यांना रोज दिसत होते. पाहुण्याला वरवरची गोष्ट नवी दिसते, आतली गरज दिसत नाही. धोरण ठरवणारे पाहुणे आणि ते निस्तरणारे घरचे, हा प्रकार आजच्या सामाजिक संस्थांनाही अनोळखी नसावा.

तरीही मायदेशाशी संबंध तुटावेत असे नाही. उलट ते टिकले म्हणूनच काही गोष्टी होऊ शकल्या. १८९९-१९००च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला तेव्हा अमेरिकन मदतीचे वाटप करण्यात रॉबर्ट ॲलन ह्यूम पुढे होते. अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या नियतकालिकाने वर्गणी गोळा केली, ‘क्विटो’ नावाची बोट मका भरून मुंबईला आली. ही मदत कुठल्या पत्त्यावर, कुणाच्या भरवशावर पाठवायची, हा प्रश्न तिकडच्या वर्गणीदारापुढे असतोच. रजेवर असताना ज्याला गावोगावच्या चर्चमध्ये ऐकले, त्याचे नाव तिथे चालते. ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. दुष्काळानंतर मिशनची माणसे वाढली हेही खरे, आणि भाकरीसाठी बाटले हा टोमणाही तेव्हापासूनचा. पोट भरायला आलेला माणूस नंतर का टिकला याचे उत्तर वेगवेगळ्या गावी वेगळे आहे. पण उपाशी माणसाला मका देताना देणाऱ्याच्या मनात निखळ भूतदया होती की हिशेब, हा वाद आज पोटभर जेवून आपण घालतो, तेवढे भान ठेवावे.

उलटलेल्या दिशेचा सगळ्यात मोठा पुरावा एका अशा माणसाचा आहे ज्याने निवृत्तीनंतर अमेरिकेतच राहणे पसंत केले. जस्टिन एडवर्ड्स ॲबट यांचे वडील अमॉस ॲबट नगर मिशनमधले. जस्टिन मुंबईत काम करून न्यू जर्सीतल्या समिट गावी राहायला गेले आणि उरलेली वर्षे त्यांनी मराठी संतांची इंग्रजी भाषांतरे करण्यात घालवली. भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. ‘पोएट सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ ही माला १९२६पासून निघत गेली. ॲबट १९३२ साली वारले. मालेतला भक्तविजयाचा भाग नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. भक्तविजयाचे कर्ते महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. म्हणजे घोडेगावापासून फार लांब नसलेल्या एका कुलकर्ण्याच्या ओव्या अमेरिकेतल्या एका निवृत्त पाद्र्याच्या टेबलावर होत्या. ज्यांना ख्रिस्ती करायला बाप आला होता, त्यांचे संत मुलाने अमेरिकनांना वाचायला दिले. देहाने घरी परतूनही मन परतले नाही असे म्हणायचे तर इथे म्हणता येईल.

आता एक अवघड आक्षेप. या सगळ्यात जोडपे, घर, मुले यांना एवढे महत्त्व दिले, मग सिंथिया फॅरारचे काय? फॅरार १८२७ साली अविवाहित आल्या, मुंबईत आणि नंतर नगरात मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी आपल्या शाळेची प्रेरणा सांगताना त्यांच्या नगरच्या शाळांचा उल्लेख केला. कुठल्याही साहेबाच्या प्रवचनापेक्षा महाराष्ट्रावर झालेला हा परिणाम मोठा आहे, आणि तो नवरा-मुले नसलेल्या बाईचा आहे. माझे म्हणणे याने मोडत नाही, पण त्याला मुरड पडते. दिशा उलटण्यासाठी संसार लागतोच असे नाही. फॅरारबाई मधे अमेरिकेला जाऊन आल्या आणि परतून नगरलाच वीसेक वर्षे राहिल्या, त्यांची दिशा एकटीच्या बळावर उलटलेली होती. संसाराने होते ते एवढेच की ती दिशा पुढच्या पिढीला वारशाने मिळते. फॅरार यांच्यामागे शाळा उरली. ती चालवायला फेअरबँक आणि बिसेल यांच्या लेकी लागल्या.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, कारण तो बरोबर आहे. मिशनऱ्यांचा विरह त्यांनी स्वतः निवडलेला होता, त्यामागे पगार, बंगला आणि गोऱ्या कातडीचे संरक्षण होते, आणि कितीही उशिरा का होईना, परत जायची वाट उघडी होती. इथल्या माणसाला ती नव्हती. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षे ताटातुटीत राहिले. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला ते सांगायला नको. लक्ष्मीबाईंना रजा मिळाली नाही, भत्ता मिळाला नाही, ऑबर्नडेलसारखे वसतिगृह मिळाले नाही. जातीबाहेर पडलेल्या शेतमजुराला तर गावातल्या पाणवठ्यापासून नात्यांपर्यंत सगळे गमवावे लागे, आणि ते त्याच गावात राहून, रोज डोळ्यांपुढे. साहेबाच्या विरहावर ग्रंथ लिहिले गेले, याच्यावर नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यामागे हाच सल होता: मिशनरी मायबाप होऊन बसतात, भावंडे होत नाहीत. ह्यूमसारख्यांवर प्रेम असूनही टिळक हे म्हणत होते, म्हणून त्याला वजन आहे. नगर आपले घर झाले म्हणजे नगरच्या घरात आपण कर्ते झालो, असे नव्हे, एवढे त्या मंडळींतल्या पुष्कळांच्या ध्यानात आले नाही.

आज जन्मभराचे मिशनरी जवळजवळ संपले. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाने वेगळीच तऱ्हा रुजवली आहे: मुले मोठी झालेली, निवृत्त जोडपी स्वखर्चाने काही महिने ते दोन वर्षे परदेशी जातात, मुख्यतः कार्यालयीन, शैक्षणिक, मदतकार्याची कामे करतात आणि परत जातात. नातवंडे व्हिडिओ कॉलवर रोज भेटतात. यात ताटातूट नाही, मुलांना होस्टेलात टाकणे नाही, कुणी समुद्रात मरत नाही. हे सगळे निःसंशय चांगले आहे. पण दीड वर्षात कुणाला गोगलगायी दिसत नाहीत. आपल्याकडचे निवृत्त आईबाप सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला नातवंडे सांभाळायला जातात त्यांना हा फरक चांगला कळेल. तिथल्या स्वयंपाकघरात त्यांचा हात लागतो, मंदिरात ओळखी होतात, पण तो मुलूख त्यांचा होत नाही आणि होण्याची अपेक्षाही नसते. जोडप्याने आपण पाहुणे आहोत हे ओळखून पाहुण्याइतकेच काम अंगावर घेतले तर त्यात काही वावगे नाही. वाईट होते ते पाहुणा अँडरसनसारखे धोरण ठरवू लागला की.

वडाळ्याकडे शेवटी पुन्हा यायला हवे, कारण पाहुणा कोण आणि घरचा कोण या प्रश्नाला तिथून एक उत्तर निघाले आणि ते अमेरिकन नव्हते. नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल वेल्लोरला शिकून १९६०च्या दशकात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. आसपासच्या गावांतून, वस्त्यांवरून, बैलगाडीतून रुग्ण यायचे. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू. बरे होऊन गेलेले मूल पुढच्या पावसाळ्यात त्याच आजाराने परत यायचे. यातले बहुतेक आजार दवाखान्यात नव्हे, गावात टाळता येण्यासारखे आहेत, हा विचार दोघांच्या मनात वडाळ्यातच पक्का झाला. मग ते अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली परत येऊन जामखेडला कामाला लागले. फेअरबँकांची मुले तिकडे शिकून इकडे आली तसेच यांचे. फक्त यांचे घर कुठे हा प्रश्न कधी आलाच नाही. जामखेडला त्यांनी जो बदल केला तो डॉक्टरांच्या संख्येत नव्हता. गावाने निवडलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक दलित, पुष्कळशा निरक्षर, दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि आपल्या गावी परत जाऊन बाळंतपणे, पाण्याची स्वच्छता, लसीकरण सांभाळायच्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे जगभरच्या आरोग्यखात्यांतून माणसे ते काम शिकायला जामखेडला येऊ लागली. मेबल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. जामखेडचे काम चालू आहे, आणि ते करणाऱ्या बाईला गावोगावच्या लोकांनी निवडलेले आहे. तिच्या रजेचा, बदलीचा किंवा मायदेशी जाण्याचा प्रश्न कुठल्याच मंडळापुढे येत नाही.